पेस्ट करण्याआधी मजकुराचं कूळ विचारा

श्रावण लागला की कुडाळ-मालवणकडच्या डीटीपीवाल्यांच्या, म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणाऱ्यांच्या, टेबलावर स्मरणिका येऊन पडतात. कुठे मंडळाचं पन्नासावं वर्ष, कुठे देवळाचा जीर्णोद्धार, कुठे शाळेचा अमृतमहोत्सव. निमित्त कोणतंही असो, मजकूर येतो तो चार दिशांनी. डोंबिवलीच्या चाकरमान्याने लोकलमध्ये बसून व्हॉट्सअ‍ॅपवर टाइप केलेला लेख, निवृत्त गुरुजींनी कधीकाळी श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टात बसवून घेतलेला गावचा इतिहास, सचिवांचं वर्डमधलं मनोगत, आणि "मागच्या अंकातलंच घ्या" म्हणून पाठवलेली पीडीएफ. हे सगळं इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरच्या एका फाइलीत घालायचं आणि गणपतीच्या आठ दिवस आधी छापखान्यात पोचवायचं.

मग कंट्रोल-व्ही दाबलं की गंमत सुरू होते. एक लेख मुकाट्याने पानाच्या अक्षरात बसतो. दुसरा स्वतःचा फॉन्ट, स्वतःचा निळा रंग आणि दीडपट अंतर घेऊन येतो. तिसऱ्याच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. नवशिक्याला वाटतं, सॉफ्टवेअर बिघडलं. बिघडलेलं काही नसतं. पेस्ट ठरलेल्या नियमानेच चालते, पण तो नियम मजकुराच्या कुळाप्रमाणे बदलतो. (कूळ म्हटलं की कोकणात आधी सातबारा आठवतो. मी सोयरीक जुळवताना विचारतात त्या कुळाबद्दल बोलतोय.)

कॉपी केल्यावर नेमकं काय उचललं जातं

कॉपी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर एकच मजकूर असतो. क्लिपबोर्डवर मात्र त्याच मजकुराच्या एकाच वेळी अनेक प्रती ठेवल्या जातात. वर्डमधून कॉपी केलंत तर एक प्रत नुसत्या अक्षरांची, एक आरटीएफ म्हणजे फॉन्ट-आकार-ठळकपणासकट, आणि बहुधा एक एचटीएमएलची, म्हणजे वेबपानाच्या भाषेतली. ब्राउझरमधून कॉपी केलंत तर साधी अक्षरं आणि एचटीएमएल. नोटपॅडमधून केलंत तर साधी अक्षरं, बस्स.

पेस्ट करताना समोरचं सॉफ्टवेअर यातली एक प्रत उचलतं. कोणती, ते त्याच्या सेटिंगवर ठरतं. म्हणून तोच लेख तुमच्या मशीनवर साधा येतो आणि शेजारच्या टेबलावर सजून येतो. दोघांनी एकच कळ दाबलेली असते, उचललेली प्रत वेगळी असते.

वर्डमध्ये आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायची. परिच्छेदाचं रूप, म्हणजे इंडेंट (कडेपासून आत सोडलेली जागा), ओळींमधलं अंतर, संरेखन, हे शेवटच्या परिच्छेद-खुणेत साठवलेलं असतं. ती उलट्या 'पी'सारखी खूण, एरवी लपलेली. ती खूण निवडीत आली तर परिच्छेद आपलं रूप घेऊन येतो. शेवटच्या पूर्णविरामापर्यंतच निवडलं आणि खूण सोडली, तर मजकूर जिथे उतरतो तिथल्या परिच्छेदाचं रूप घेतो. "कधी येतं, कधी येत नाही" या तक्रारीमागे बहुतेकदा एवढंच असतं. खुणा दाखवणारं बटण चालू ठेवून काम करायची सवय लावा.

पहिली पायरी: युनिकोड की जुना फॉन्ट?

ही पायरी सोडून पुढे जाऊ नका. बाकी सगळं निस्तरता येतं, ही चूक पानं लागल्यावर कळते.

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत. तिथे 'क' हा 'क'च असतो. मंगल लावा, मुक्ता लावा, कोकिळा लावा, आकार बदलेल, अक्षर बदलणार नाही. जुन्या श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या फॉन्टांत तसं नाही. तिथे फाइलीत साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं. फॉन्ट त्यांच्या जागी मराठी वळणाची चित्रं दाखवतो. कितीतरी फॉन्टांत काना वेगळं चित्र, वेलांटी वेगळं, अर्धा 'स' वेगळा. म्हणजे तिथे फॉन्ट हा अंगावरचा सदरा नव्हे, ती कातडी आहे. फॉरमॅटिंग काढलंत की मराठीच गेली.

"नेहमी साधं पेस्ट करा, फॉरमॅटिंग नको" हा सल्ला सगळीकडे मिळतो. युनिकोड मजकुरासाठी तो सोन्यासारखा आहे. गुरुजींच्या श्रीलिपी फाइलीवर तोच वापरलात तर दोनशे वर्षांच्या गावच्या इतिहासाचा पाच सेकंदांत पालापाचोळा होतो.

ओळखायचं कसं? वर्डमध्ये एक ओळ निवडा आणि तिला एखादा साधा इंग्रजी फॉन्ट लावा, एरियल चालेल. मराठी मराठीच राहिली तर युनिकोड. टोप्या घातलेली रोमन अक्षरं, स्वल्पविराम आणि टिंबं दिसू लागली तर जुना फॉन्ट. कंट्रोल-झेड दाबून पूर्ववत करा. दुसरा उपाय म्हणजे ओळ नोटपॅडमध्ये टाकून बघायची. तिथे कचरा दिसला की निकाल लागला. एकाच फाइलीत दोन्ही कुळं नांदत असतात हेही विसरू नका. मूळ लेख श्रीलिपीत आणि मुलाने परवा जोडलेली शेवटची दोन वाक्यं युनिकोडमध्ये, असं मी अनेकदा पाहिलंय. म्हणून सुरुवात, मध्य आणि शेवट, तिन्ही ठिकाणी तपासा.

जुना फॉन्ट निघाला तर दोन वाटा. तोच फॉन्ट तुमच्याकडे असेल आणि लेख एकदाच छापायचा असेल, तर फॉरमॅटिंगसकट आणा आणि त्याच फॉन्टात ठेवा. नाहीतर आधी युनिकोडमध्ये रूपांतर करून घ्या, मग पेस्ट. माझं मत दुसऱ्या वाटेचं, कारण पुढच्या वर्षी तोच लेख पुन्हा मागितला जाणार हे ठरलेलं.

रूपांतरात तीन गोष्टी फसवतात. एक, प्रत्येक फॉन्टकुळाचा नकाशा, म्हणजे कोणत्या रोमन खुणेमागे कोणतं मराठी अक्षर, वेगळा असतो. श्रीलिपीचा नकाशा शिवाजीच्या मजकुराला लावला तर अर्धी अक्षरं जुळतात आणि अर्धी नाहीत, आणि हे 'अर्धं बरोबर' जास्त धोक्याचं. दोन, मजकुरातले खरे इंग्रजी शब्द, ईमेलचे पत्ते, इंग्रजी आकडे. रूपांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरला तीही मराठीची चित्रंच वाटतात आणि ते त्यांचंही भरीत करतं. ते आधी बाजूला काढून जागेवर खूण ठेवा. तीन, रफार, 'ऱ्या' आणि 'द्ध', 'ह्म'सारखी जोडाक्षरं. रूपांतर झाल्यावर मूळ छापील प्रत शेजारी ठेवून नेमकी हीच ठिकाणं वाचा.

इनडिझाइन: साधं पेस्ट कधी, 'प्लेस' कधी

आता युनिकोड मजकूर हातात आहे असं धरू. 'एडिट' मेनूतून 'प्रेफरन्सेस' आणि त्यात 'क्लिपबोर्ड हँडलिंग' उघडा. (मॅकवर 'प्रेफरन्सेस' इनडिझाइनच्याच नावाच्या मेनूत असतं.) तिथे बाहेरून येणाऱ्या मजकुरासाठी दोन पर्याय दिसतील: 'ऑल इन्फर्मेशन' आणि 'टेक्स्ट ओन्ली'. तो 'टेक्स्ट ओन्ली'वरच ठेवा. मग वर्डमधून काहीही आणलं तरी ते कर्सर जिथे आहे तिथलं रूप घेतं. म्हणून पेस्ट करण्याआधी कर्सर योग्य स्टाईलच्या (नाव देऊन साठवलेल्या फॉन्ट-आकार-अंतराच्या रूपाच्या) परिच्छेदात ठेवणं हे अर्धं काम. फ्रेम, म्हणजे मजकुराची चौकट, न निवडता पेस्ट केलंत तर नवी फ्रेम तयार होते आणि त्या वेळी जी स्टाईल चालू असेल ती तिला लागते.

हे सेटिंग फक्त बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठी आहे. एका इनडिझाइन फाइलीतून दुसरीत मजकूर नेलात तर तो स्टाईल, रंग सगळं सोबत घेऊन येतो. दोन्हीकडे एकाच नावाची स्टाईल असेल तर जिथे पेस्ट केलं तिथली व्याख्या चालते. मागच्या वर्षीच्या अंकातला लेख उचलताना हे वरदान ठरतं: दोन्ही अंकांत 'मुख्य मजकूर' असंच नाव ठेवलं असेल तर जुना लेख आपोआप नव्या रूपात येतो. नावं वेगळी ठेवलीत की नव्या फाइलीत जुन्या स्टाईलींची गर्दी होते. सोबत काहीच नको असेल तर कंट्रोल-शिफ्ट-व्ही, म्हणजे 'पेस्ट विदाउट फॉरमॅटिंग'.

साध्या पेस्टमध्ये जातं काय? ठळक, तिरपी, अधोरेखित अक्षरं, तळटिपा, तक्ते. देणगीदारांच्या यादीत यातलं काही लागत नाही. पण दशावतारावरचा एखादा जाणकार लेख असेल, त्यात आख्यानांची नावं तिरपी आणि संकासुराचे संवाद ठळक असतील, तर ते पुन्हा हाताने करत बसणं म्हणजे रात्र घालवणं. अशा लेखासाठी पेस्ट करूच नका, 'प्लेस' करा, म्हणजे वर्डची अख्खी फाइलच आत आणा. ती वाट अशी:

१. कंट्रोल-डी दाबा, वर्ड फाइल निवडा आणि खाली 'शो इम्पोर्ट ऑप्शन्स'वर टिक करा. ही टिक करायची राहिली तर पुढची खिडकीच उघडत नाही.

२. त्या खिडकीत 'प्रिझर्व्ह स्टाइल्स अँड फॉरमॅटिंग' निवडा. लेखकाने वर्डमध्ये खरोखर स्टाईली वापरल्या असतील तर 'स्टाइल मॅपिंग'मधून त्याची 'हेडिंग १' तुमच्या 'लेखशीर्षक'ला जोडून द्या. आमच्याकडे येणाऱ्या लेखांत असं भाग्य विरळा. शीर्षक म्हणजे आकार मोठा करून ठळक केलेली ओळ, आणि ती मधोमध आणायला स्पेसबार बडवलेला.

३. मजकूर उतरला की तो कुरूप दिसेल, दिसू द्या. अजून काही साफ करू नका.

४. 'फाइंड/चेंज' उघडा. शोधायची चौकट रिकामी ठेवा, फॉरमॅटमध्ये फॉन्ट-स्टाईल बोल्ड द्या, आणि बदलात तुमची 'ठळक' नावाची कॅरेक्टर स्टाईल (अख्ख्या परिच्छेदाला नव्हे, निवडक अक्षरांना लागणारी). व्याप्ती त्या लेखापुरतीच, म्हणजे 'स्टोरी', ठेवा. मग हेच तिरप्यासाठी.

५. आता सगळा लेख निवडा आणि ऑल्ट दाबून 'मुख्य मजकूर' या परिच्छेद स्टाईलवर क्लिक करा. वर्डचा फॉन्ट, निळा रंग, दीडपट अंतर, सगळं गळून पडेल. कॅरेक्टर स्टाईल मात्र टिकते, म्हणून ठळक आणि तिरपं जागच्या जागी राहतं.

चौथी आणि पाचवी पायरी उलट केलीत तर ठळकपणा आधीच पुसला जातो आणि शोधायला काही उरत नाही. आणि पाचव्या पायरीत ऑल्टसोबत शिफ्टही दाबलं गेलं तर कॅरेक्टर स्टाईलीसुद्धा जातात. हे मी माझ्या उजव्या हाताच्या सवयीने दोनदा केलंय.

काम झाल्यावर स्टाईलींच्या पॅनेलमध्ये पाहा. नावापुढे अधिक चिन्ह दिसलं तर त्या मजकुरावर स्टाईलबाहेरचं काहीतरी अजून चिकटलेलं आहे. फ्लॉपीसारखं छोटं चित्र असलेल्या स्टाईली वर्डमधून आलेल्या असतात. त्या पुसा, पुसताना विचारलं जाईल तेव्हा जागी तुमची स्टाईल द्या.

वेलांटी पुढे पळाली तर

पेस्ट केल्यावर 'किनारा'ची वेलांटी 'क'च्या पुढे गेली, जोडाक्षरं फुटून पाय मोडलेली दिसू लागली, की लोक फॉन्टाला शिव्या देतात. बहुतेकदा दोष कंपोझरचा, म्हणजे अक्षरं जुळवून ओळी लावणाऱ्या इनडिझाइनमधल्या यंत्रणेचा, असतो. देवनागरीला 'अ‍ॅडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर' लागतो. परिच्छेद पॅनेलच्या मेनूत तो आहे, पण तिथून दर वेळी लावत बसू नका. परिच्छेद स्टाईलच्या 'जस्टिफिकेशन' भागात एकदाच लावून ठेवा. म्हणजे वर्डमधून कोणत्याही वेशात मजकूर येवो, तुमची स्टाईल लागली की वेलांटी जागेवर येते.

त्याच स्टाईलमध्ये भाषा मराठी करा. काही फॉन्टांत 'ल' आणि 'श' यांची मराठी वळणं भाषा मराठी असेल तरच उमटतात, नाहीतर हिंदी वळणं दिसतात. एका पानावर दोन तऱ्हेचा 'ल' दिसला तर समजा, अर्धा मजकूर वेगळ्या भाषेची पाटी घेऊन आलाय.

इंग्रजी शब्दांचं वेगळं दुखणं आहे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याच्या बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केलं, त्यात मराठी आणि इंग्रजी शेजारशेजारच्या स्तंभांत होती. आपण एका वाक्यात तीन वेळा लिपी बदलतो. वर्डही देवनागरीसाठी आणि रोमनसाठी फॉन्ट आणि आकार वेगवेगळे साठवतो, त्यामुळे तिथून आलेल्या इंग्रजी शब्दांचा आकार बाजूच्या मराठीशी जुळत नाही. रोमन अक्षरांसाठी एक कॅरेक्टर स्टाईल करून ती ग्रेप स्टाईलमधून (ग्रेप म्हणजे अक्षरांचा नमुना देऊन शोधायची सोय) परिच्छेद स्टाईलला जोडून द्या, म्हणजे ती आपोआप लागत राहील.

व्हॉट्सअ‍ॅप आणि पीडीएफ

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ठळक म्हणजे शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदणी. कॉपी केल्यावर त्या चांदण्या साधी अक्षरं म्हणून येतात. लोक त्या एकेक करून पुसतात. त्यापेक्षा त्यांचा उपयोग करून घ्या. 'फाइंड/चेंज'च्या ग्रेप भागात शोधायला \*(.+?)\* द्या, बदलायला $1 आणि सोबत 'ठळक' कॅरेक्टर स्टाईल. चांदण्या जातील, ठळकपणा खरा होईल. फक्त यादीची सुरुवात म्हणून कोणी एकेकटी चांदणी वापरली असेल तर आधी ती बघा, नाहीतर जोड्या चुकीच्या जुळतात.

लेख चार संदेशांत तोडून आला असेल आणि चारही एकदम कॉपी केलेत, तर प्रत्येकाच्या आधी तारीख, वेळ आणि पाठवणाऱ्याचं नाव येतं. ते छापलं गेलेलं एक अध्यक्षीय मनोगत माझ्या पाहण्यात आहे. एकेक संदेश कॉपी करा, नाहीतर लेखकाला सरळ ईमेल करायला सांगा.

पीडीएफ हा शेवटचा मार्ग. तिथे प्रत्येक ओळीच्या शेवटी परिच्छेद तुटतो. सरसकट सगळे तुकडे जोडलेत तर खरे परिच्छेदही एकमेकांत मिसळतात. परिच्छेदांमध्ये रिकामी ओळ आली असेल तर आधी त्या दोन खुणांच्या जागी ## ठेवा, मग उरलेल्या एकेरी खुणांच्या जागी स्पेस, मग ## च्या जागी पुन्हा परिच्छेद-खूण. रिकामी ओळ नसेल तर पीडीएफ बघून ## हाताने टाकावं लागतं. आणि कॉपी केल्यावर वेलांट्या अक्षराच्या आधी येत असतील किंवा अक्षरं गाळली जात असतील, तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. चार पानांपर्यंतचा मजकूर पुन्हा टाइप करणं लवकर होतं.

डोळ्यांना न दिसणारं

नोटपॅडमधून गाळून आणलेला मजकूर 'स्वच्छ' असतो हा गैरसमज आहे. नोटपॅड रूप गाळतं, अक्षरं गाळत नाही. दुहेरी स्पेस, रिकाम्या ओळी, वेबपानावरून आलेली न तुटणारी स्पेस आणि शून्य रुंदीचे जोडक, सगळं जसंच्या तसं राहतं. दुहेरी स्पेस आणि रिकाम्या ओळींसाठी इनडिझाइनच्या 'फाइंड/चेंज'मध्ये तयार शोध दिलेले आहेत: 'मल्टिपल स्पेस टू सिंगल स्पेस', 'मल्टिपल रिटर्न टू सिंगल रिटर्न'. ते चालवा. (नोटपॅडमध्ये फाइल सेव्ह करणार असाल तर एन्कोडिंग यूटीएफ-८ असल्याची खात्री करा, नाहीतर उघडल्यावर प्रश्नचिन्हांची रांग.)

पण अदृश्य अक्षरं सरसकट काढू नका. 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो. एकात खाली टिंब असलेला 'ऱ' आणि हलन्त. दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मागोमाग एक अदृश्य जोडक. दोन्ही छापात सारखेच दिसतात. जोडक काढलं की दुसऱ्या प्रकाराचा रफार होतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. एका स्मरणिकेचा सगळा मजकूर मी उत्साहाने अदृश्य-अक्षर-काढ्या साधनातून फिरवला होता. छापून आल्यावर लेखक काका अंक घेऊन टेबलापाशी उभे राहिले. त्यांच्या लेखात 'सह्याद्रीच्या खोल दऱ्या' होत्या, छापल्या गेल्या 'सह्याद्रीच्या खोल दर्या'. काका म्हणाले, "मेल्या, सह्याद्रीत दर्या खयसून इलो?"

तेव्हापासून साफसफाईच्या आधी मी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये जोडकवाला प्रकार शोधून त्याच्या जागी 'ऱ्' घालून घेतो. शोधण्यासाठी तो तुकडा मजकुरातूनच कॉपी करायचा. नंतर 'किनाऱ्यावर', 'वाऱ्याने', 'होऱ्या' असे पाच-सहा शब्द डोळ्यांनी तपासायचे. कोकणावरच्या लेखात हे शब्द सापडायला वेळ लागत नाही.

कोरल, पेजमेकर, स्क्रायबस

लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि आंब्याच्या पेटीवरची लेबलं अजून कोरल या चित्रं-मजकूर मांडायच्या सॉफ्टवेअरमध्येच होतात. तिथे पेस्ट करताना खिडकी उघडते: फॉन्ट आणि फॉरमॅटिंग ठेवा, फक्त फॉरमॅटिंग ठेवा, की दोन्ही टाका. युनिकोडला तिसरा पर्याय, जुन्या फॉन्टला पहिला. 'पुन्हा विचारू नका'ची टिक करू नका, कारण उद्याचा मजकूर दुसऱ्या कुळाचा असेल.

पेजमेकर या पानं लावायच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड कळत नाही. मराठी युनिकोड तिथे पेस्ट केलं तर प्रश्नचिन्हं येतात, आणि त्यावर सेटिंगचा इलाज नाही. स्क्रायबस हे पानं लावायचं सॉफ्टवेअर मोफत आहे, पण देवनागरीसाठी १.६ मालिका घ्या, १.४ नको. बाहेरून पेस्ट केलेलं तिथे साधंच येतं. स्टाईली हव्या असतील तर लेख ओडीटी (लिब्रेऑफिसची फाइल) करून आयात करा.

छापखान्याला पीडीएफ पाठवण्याआधी इनडिझाइनच्या 'टाइप' मेनूतून 'फाइंड/रिप्लेस फॉन्ट' (जुन्या आवृत्त्यांत 'फाइंड फॉन्ट') उघडा. अंकात तुम्ही तीन फॉन्ट वापरले असतील तर यादीत तीनच नावं हवीत. चौथं मंगल किंवा टाइम्स दिसलं तर ते कुठल्यातरी पेस्टमधून आलंय. नावावर क्लिक करून 'फाइंड फर्स्ट' दाबा, पान समोर येईल. अनेकदा तो रिकामा परिच्छेद किंवा एकटी स्पेस असते. बदलून टाका, यादी पुन्हा बघा, आणि लाइट आहे तोवर पीडीएफ काढून घ्या.